हात न टेकता

आमच्या लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं.
नाणं पडलं की ती खोकते, दार मिटते
आणि आठव्या मजल्यावर मला
कुणाचं तरी विसरलेलं सामान उतरवावं
तशी उतरवते.

जानेवारीत न्हाणीघरात पडले.
हाड मोडलं नाही. नशीब, म्हणाले डॉक्टर.
त्यांना मी सांगितलं नाही
की चाळीस मिनिटं तिथेच होते फरशीवर;
दुखत काहीच नव्हतं,
फक्त उठता येत नव्हतं.
छताला सतरा भेगा आहेत.

दवाखान्यातली मुलगी पंचविशीची. नाव टेकले.
माझ्या मांडीला टेप लावायला वाकली,
ग्लदानीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
लोकांच्या कमरा मोजल्या त्या माझ्या मांडीला!
टेप लागायच्या आधीच आकडा सांगितला मी : अडतीस.
तिने वाचला : अडतीस.
दोघी गप्प.
मग म्हणाली, खुर्चीतून उठा, नाझिब्रोला मावशी,
हात छातीशी. हात टेकायचे नाहीत.

पहिल्या दिवशी : एकदाही नाही.
खुर्चीने धरून ठेवलेलं मला,
लग्नघरातल्या आग्रही बाईसारखं.
चौथ्या दिवशी अर्धं. अर्ध्यातून परत धप्प.
तेराव्या दिवशी उभी राहिले
आणि खोलीत कुणी नव्हतं,
म्हणून शेगडीला सांगितलं.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती.
लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर कुठेतरी
अंधारात लटकलेली.
दोन बादल्या, आठ मजले, दिवसातून तीनदा,
पाठीशी शालीत बांधलेली लेक.
त्याला तेव्हा व्यायाम म्हणत नसत.
त्याला म्हणत : पाणी आलंय, पळ.
ते पाय कुणाचे होते?
ह्याच घोट्यांवर उभे होते ना ते?

आता भांडी विसळताना ओट्याला धरून
टाचा उचलते. वर. थांब. खाली.
खिडकीतून दिसतो समोरच्या इमारतीतला माणूस,
त्याला वाटत असेल, म्हातारी
कुंपणापलीकडलं काहीतरी पाहते आहे.
लोणच्याच्या बरण्या : एका हातात काकडी, एकात टोमॅटो,
काकडीचा हात जरा दुबळा.
आणि राजमा. आणि सकाळी दोन अंडी.
एकटीसाठी कशाला चूल पेटवा, म्हणत
सहा वर्षं चहा-पावावर काढली मी;
मांडी तिथेच गेली असावी,
थोडी थोडी, रोज, न जेवलेल्या ताटांतून.

एप्रिलपासून जिन्याने जाते.
वाचलेली नाणी मधाच्या रिकाम्या बरणीत.

चौथ्या मजल्यावर गुराम राहतो.
माझी धाप दाराआडून ऐकली असणार त्याने,
एका सकाळी जिन्याच्या वळणावर खुर्ची.
स्वयंपाकघरातली, एक पाय कागदाच्या घडीवर.
बोललो नाही आम्ही त्याबद्दल.
मी बसायचे, श्वास जागेवर यायचा,
हात छातीशी, उठायचे.
त्याच्या दाराच्या भिंगात काहीतरी हलायचं.

हे सगळं फार काळ चालणार नाही, मला माहीत आहे.
टेप खोटं बोलत नाही :
परवा एकोणचाळीसला जेमतेम टेकली.
टेकलेने टाळ्या वाजवल्या,
मला तिचाच राग आला. मग आला नाही.
एक सेंटिमीटर म्हणजे काय, ते मला विचारा.
तेवढ्यात कोटाचं बटण लागतं
किंवा लागत नाही.

काल चौथ्यावर पोचले
आणि बसायची गरजच वाटेना.
वाईट वाटलं खुर्चीचं.
तशीच उचलली. पाठ सरळ, गुडघ्यातून, शिकवलंय तसं.
पाचवा. जड होती, एक पाय भिंतीला घासत होता.
सहावा. तिथे ठेवली, कागदाच्या घडीसकट.

संध्याकाळी खालून हाक आली,
बाई, माझी खुर्ची?

कठड्यावरून वाकून म्हटलं,
दोन मजले वर आहे.
बसायचं असेल तर ये.

बराच वेळ काही नाही.
मग चपलांचा आवाज, एक एक पायरी,
आणि मध्येच थांबून
कुणाला तरी दिलेली एक सणसणीत शिवी.