रुळाचा तुकडा

परतूरला, जिनिंगच्या मागं, पत्र्याचं आमचं चर्च.
घंटा नाही.
कडुलिंबाला टांगलाय रुळाचा एक तुकडा,
रविवारी मी तो पान्यानं वाजवतो.
येतात चौघी. म्हणजे तिघीच,
आणि हुल्दाबाईच्या कडेवरची नात.

मिशनचा पगार दिवाळीआधीच थांबला.
सोमवार ते शनिवार पंक्चर काढतो;
नखांतलं काळं रॉकेलनंही निघत नाही.
त्याच बोटांनी प्रभुभोजनाची भाकर मोडायची.
पहिल्यांदा हात मागं घेतला,
तर हुल्दाबाई भर उपासनेत मोठ्यानं म्हणाली,
"पाळकसाहेब, सुताराच्या हाताला
काय अत्तर लागलेलं व्हतं का?"

मेहुण्याचा फोन येतो चाकणहून :
वॉचमनची नोकरी, खोली, नळाला पाणी.
राजीनामा लिहून ठेवलाय
गीतांच्या वहीत, घडी घालून.
रात्री गुडघे टेकतो, विचारतो, जाऊ का?
वरून काहीच येत नाही.
दिवसभर तापलेला पत्रा
निवताना तेवढा तडतडतो.

मग एका रविवारी ताप. उठवेना.
भिंतीकडं तोंड करून पडलो,
म्हटलं, संपलं. बरं झालं.

नऊ वाजता रूळ वाजला.
वेडावाकडा, थांबत, पुन्हा, दगडानं.
खिडकीतून पाहिलं तर
टाचा उंचावून हुल्दाबाई,
नात खाली धुळीत बसवलेली.
हुल्दाबाई,
जिला बारा वर्षांपासून ठार ऐकू येत नाही,
जी आजवर एकदाही
माझ्या घंटेमुळं आलेली नव्हती.

मी सदरा शोधला.

राजीनामा अजून वहीतच आहे.
त्या पानावरचं गीत
सध्या आम्ही घेत नाही.