गाठींचं घर

नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत झाड नाही.
आढ्याचं लाकूड रेल्वेनं आलं,
भिंतींपुरते पैसे उरले नाहीत.
मग थोरानं गाठींवर गाठी चढवल्या,
गवंड्यासारखी सांधमोड करत,
आणि हाल्वरनं काठ्या खुपसल्या आरपार.

गिलावा व्हायच्या आत
ओल्सेनांची गाय येऊन
न्हाणीचा कोपरा खाऊन गेली.
थोरा रडली. मग हसली:
'म्हणजे पेंढा चांगला निघाला.'

आता भिंत दीड हात जाड.
खिडकीच्या कट्ट्यावर पोर झोपतं आडवं.
हिमवादळ बाहेर काय बोलतं
ते आत कळतसुद्धा नाही.
कुसळं मात्र निघतात अजून,
कणकेत, दुपट्यात,
हाल्वरच्या दाढीत.

रात्री दिवा मालवून
ती भिंतीला कान लावते.
काहीतरी घासतंय.
वारा,
की जीभ?