मोजून

मूरी आणि पोंतू गाडीत चढले
नेहमीसारखेच, खिडकीच्या जागेवरून भांडत.
त्यांना वाटलं असणार,
हीउमाला चाललोय, पोहायला.
बोटीवर ऊर्मास गाडीतून उतरलाच नाही.

धक्क्यावर हेल्दुर उभा होता. एकटा माणूस,
जंगलखात्यातून निवृत्त.
मी एवढंच सांगितलं:
पोंतू विजांना घाबरतो,
मूरीला राईच्या पावाची कड लागते, मऊ भाग नको.
दोर त्यानं घेतले,
वळ माझ्या तळव्यावर राहिला.

घरी नंतर केसच केस.
पडद्यात, रेडिएटरच्या फटीत, लोण्यातसुद्धा एक.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सहा महिने लागतात
भिंतींना विसरायला.
तावीच्या छातीतली शिट्टी मात्र
तिसऱ्याच रात्री मंदावली,
आणि मी, आई असून,
त्या शांततेवर क्षणभर चिडले.

काल पुन्हा शिट्टी.
पंप दिला, पाठ चोळली, उशी झटकली,
तर खाली एक मोजा.
मूरीच्याच केसांचा; लेइडा आत्यानं
कातून विणलेला, संधिवातावर म्हणून.
सगळे मोजे मी पिशवीत बांधून दिले होते.
मोजून.

सात वर्षांचं पोर, श्वास ओढत,
माझ्याकडे बघत होतं.
विचारत नव्हतं काही.

मोजा मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला,
झाकण घट्ट फिरवलं,
आणि बरणी ठेवली
त्याला दिसेल अशी.