आधी टाकायला शीक

पहिले तीन आठवडे त्यांनी मला
काही उचलूच दिलं नाही.
रिकामी दांडी खांद्यापर्यंत आणायची
आणि टाकायची.
पुढे टाकायची, मागे टाकायची,
टाकून बाजूला व्हायचं.
"उचलणं कुणीही शिकवेल, सिरानुश.
निसटलेलं वजन अंगावर घेऊ नकोस, एवढं शीक."

ग्युमरीत सगळे त्यांना वारपेत म्हणत.
वारपेत म्हणजे उस्ताद; तिथे न्हावीही वारपेत, गवंडीही.
मोज्यांच्या कारखान्यामागची शेड,
छताला भोक, भोकाखाली बादली,
हिवाळ्यात दांडी इतकी गार
की तळव्याची साल तिलाच चिकटून राही.

मग बातुमीची ती स्पर्धा.
तीन प्रयत्न. तिन्ही वेळा लाल दिवे.
ब्याऐंशी किलो, सरावात रोज उचलायचे तेच.
माझ्या नावापुढे आकडासुद्धा नाही,
नुसती एक रेघ.
परतीच्या बसमध्ये वारपेत सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिले.
उपदेश नाही, धीर नाही.
सीमेवरच्या चौकीपाशी एवढंच विचारलं,
"टाकताना कुठे लागलं का?"
"नाही."
"मग सोमवारी ये."

सोमवारी मी गेले नाही.
मंगळवारीही नाही.
गुरुवारी गेले, तर कोपऱ्यात एका दांडीला
चाळीसच किलो लावून ठेवलेले,
सोमवारपासून.
कुणाला हात लावू दिला नव्हता.

पुढे कारखाना बंद पडला.
चौदा वर्षं मी मोज्यांची बोटं शिवली होती.
त्याच महिन्यात आर्सेन घर सोडून गेला.
लोक म्हणाले, आता कंबर कस.
मला हसू आलं.
कंबरेचा पट्टा मी कितीदा कसला होता;
पट्टा पाठ सांभाळतो,
वजन काही उचलत नाही.
त्या रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर
मी सगळं टाकलं. मोठ्याने.
शेजारीण दार वाजवून गेली.
मग बाजूला झाले, आणि झोपले.

यंदा वारपेतना अर्धांगाचा झटका आला.
उजव्या हाताला चहाचा पेला उचलत नाही.
बायकोने भरवलेलं सोसत नाही.
पेल्याकडे असे बघतात,
जशी मी बातुमीत दांडीकडे बघत होते.

शेडमधली जुनी रबरी चटई आणून
मी त्यांच्या खुर्चीपाशी अंथरली.
रिकामा पेला बोटांत दिला.
"टाका," म्हटलं.
ते चिडले. डावा डोळा अजून नीट चिडतो.
"टाका, वारपेत. पुढे टाका."

पेला पडला, उसळला, कपाटाखाली गेला.
फुटला नाही.
मी गुडघे टेकून तो शोधत होते
(आमच्या खेळात गुडघा टेकला की बाद),
तेव्हा वरून अर्ध्या तोंडाचा आवाज आला,
"सोम... वारी?"

"आज मंगळवार आहे," मी कपाटाखालूनच म्हटलं.
"हात पुढे करा."