परखी

परखी म्हणजे पोकळ लोखंडी नळी, टोकाला तिरकी कापलेली.
पोत्यात खुपसायची, मनगट वळवायचं,
मूठभर मका तळहातावर येतो
आणि गोणपाटाचं भोक आपोआप मिटतं.
तुर्भ्याच्या दाणा मार्केटात अकरा वर्षं मी हेच करते.

पावण्याच्या लॅबमध्ये काळी पेटी आहे, आत दिवा.
झरोक्याला डोळा लावायचा, थांबायचं.
चांगला मका जांभळ्या अंधारात बुडून राहतो.
बुरशीचा दाणा चमकतो, पोपटी,
भेगेच्या कडेकडेनं, काजव्यासारखा.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा
सांगायला लाज वाटते,
सुंदर वाटला होता.

मग यंत्र आकडा काढतं. अब्जात वीसच्या वर गेला की लॉट नापास.
मी पोत्यावर लाल शाईची फुली मारते,
कागद वर पाठवते.
नापास पोती रात्री कुठे जातात
हे वरच्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गोठिवलीत आमच्या चाळीमागे, हायटेन्शनच्या तारांखाली
हिराजी मढवीचा गोठा.
परवा दुधाला गेले तर तो भरड्यात गूळ कालवत होता.
"दोन दिस तोंड नाय लावत गो ही. गुलाचा वास आला का खाईल."
म्हैस मान फिरवून उभी.
तिच्याकडे दिवा नाही, पेटी नाही,
ओल्या नाकपुड्या तेवढ्या.

कोपऱ्यात रिकामी पोती, उलटी करून शिवलेली.
एक उचललं, तोंडाशी उसवून आत पाहिलं.
माझीच फुली.
जरा वाकडी. त्या दिवशी अंगठा दुखत होता.

मी सगळं सांगितलं. बुरशी, जनावराचं काळीज, दूध.
गुळानं माखलेले हात तसेच धरून त्यानं ऐकलं.
"मंग आज काय घालू यांना?"

बरणी हातात कोमट होती.
सकाळी ते दूध पेटीत ठेवून पाहिलं.
त्या दिव्याला मक्याची भाषा येते, दुधाची नाही.
फिकट उजळलं नुसतं,
काही न केल्यासारखं.

आज सव्वीस पोती नापास.
फुली मारली नाही.
परखीचं तिरकं टोक खालून वरपर्यंत ओढत नेलं,
एकेका पोत्याचं.
हमाल ओरडले, शेठचा माणूस धावत आला.
पिवळा ढीग घोट्यापर्यंत चढला

आणि छपरावरून कबुतरं उतरली.
हा विचार मी केलाच नव्हता.
संध्याकाळपर्यंत ओढणीनं हाकलत उभी आहे.