उरलेला त्रिकोण

मोमिनपुऱ्यातला रस्ता आपल्या मर्जीने वळलेला.
आधी गाडीवाट, मग नाली, मग डांबर.
किबला पश्चिमेपासून जरासा उत्तरेकडे,
तो रस्त्याला विचारून ठरत नाही.
दोघांमध्ये एकवीस अंशांचा कोन.
बत्तीस बाय पन्नासच्या प्लॉटात
एकवीस अंश म्हणजे फार मोठी रक्कम.
मी तो काढला, खोडला, पुन्हा काढला.

सगीरनबी समोर बसलेल्या,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जागेचे कागद.
माहेर अचलपूरचं, म्हणून माझ्याशी वऱ्हाडीत:
"पोरींसाठी वाचाची खोली पाह्यजे.
वर नमाजाले जागा.
आन् पानी. रस्त्यावरच्याले भी पानी."
जागा वक्फ केलेली, म्हणजे आता माझी नाही,
हे त्यांनी दोनदा सांगितलं,
एकदा मला, एकदा बहुधा स्वतःला.

मी म्हटलं, भिंती रस्त्याला समांतर ठेवू,
वर सतरंज्या तिरक्या अंथरता येतील.
"येतीन की," त्या म्हणाल्या,
"पन मंग रोज घर एकीकडे पाह्यीन
अन् मानूस एकीकडे."

कॉलेजात जाळी शिकले होते मी:
सूर्याचा कोन, वाऱ्याचा वेग, सावलीचे टक्के.
नियत हा शब्द कुठल्याच कोष्टकात नव्हता.
बारी मिस्त्री दोरी ताणण्याआधी तोच विचारायचा.
तोंड कुठे, ते आधी ठरतं मॅडम,
विटा काय, विटा येतात मागून.

मग मेहराब.
आमच्या घरी कोनाडा म्हणजे काहीतरी ठेवायची जागा:
देव, दिवा, किल्ल्या, विजेचं बिल.
इथे भिंतीत एवढी मेहनत करून, कमान उतरवून, घोटून,
आत काहीच ठेवायचं नाही.
नुसतं: इकडे.
मी तिथे एक छोटा दिवा सुचवला.
मिस्त्री हसला नाही, हेच मला जास्त लागलं.

दुसरा मजला माझा लाडका होता.
गच्चीवर अभ्यासिका, पूर्वेला दगडी जाळी,
फी सुद्धा त्याच मजल्यात.
सगीरनबी नकाशा उलटा धरून बघत राहिल्या,
मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखवलं,
"हे डोमाजीची खिडकी नाय का?"

डोमाजी हेडाऊ, पूर्वेचे शेजारी.
त्यांचाही माग केव्हाच भंगारात गेलेला.
पश्चिमेला एकच खिडकी,
मे महिन्यात तिच्यात वाळ्याचा कूलर,
रात्री कूलर बंद, आणि जी काय येईल ती हवा.

"आमचे आबा सांगत, भिंत आपली असते,
हवा शेजाऱ्याची.
त्याले विचारल्याबिगर
तेच्या हवेवर भिंत नोको घालू, बाप्पा."

नियमाप्रमाणे आपण बरोबर आहोत, मी म्हटलं.
मंजुरी मिळेल.
"मिळन ना," त्या म्हणाल्या.
आणि चहा ओतायला लागल्या,
जणू विषय तिथेच संपला होता,
आणि संपलाच होता.

मजला गेला. कोन राहिला.
एकवीस अंश वळून आत उभी राहिलेली खोली
आणि रस्त्याची भिंत, यांच्यामध्ये उरला
एक त्रिकोण, या टोकाला नऊ फूट,
त्या टोकाला शून्य.
कपाट बसेना, जिना बसेना.
तीन आठवडे मी त्याला चूक म्हणत होते.

आता तिथे पाण्याची टाकी आहे, चार नळ,
दोन आतून वुजूसाठी, दोन बाहेरून सगळ्यांसाठी.
आत आणि बाहेर एकाच टाकीचं पाणी.
रिक्षावाले तोंड धुतात. वरच्या पायरीवर
कुणाची तरी चप्पल कायम उलटी.

परवा रात्री अकराला तिथून जात होते.
बेचाळीसचा दिवस, विटांतून अजून आच येत होती.
वाचनालयाला कुलूप.
मी मान वर करून नव्हता तो मजला पाहिला,
तेवढंच आकाश, तेवढ्याच आकाराचं,
आणि त्याच्यापलीकडे
डोमाजीच्या खिडकीतला जुना साडीचा पडदा
हलला,
थांबला,
पुन्हा हलला.