सगळ्यांत गार काच

लिथुआनियात, शाउलेइ गावी, चौथ्या मजल्यावर,
उणे सोळाच्या सकाळी
गेनोवाइतेबाईंनी माणूस बोलावला:
नव्या खिडक्या गळतात म्हणून.

माणूस आला. विदमांतास. बुटांवरचा बर्फ
दाराशी झटकून, नुसत्या मोज्यांनी आत.
चौकटीवरून बोट फिरवलं, रबर चेपून पाहिलं,
खिशातून लहानसं यंत्र काढून
बिटाच्या सुपाशेजारी ठेवलं
आणि आकडा चढेपर्यंत गप्प बसला.
मग म्हणाला, बाहेरून थेंबही येत नाही, बाई.
हे पाणी तुमचंच आहे.

माझं?

तुमचं. या पातेल्याचं.
रेडिएटरवर वाळत घातलेल्या चादरीचं.
रात्रभराच्या श्वासाचं; एका माणसाचाही
पेलाभर होतो म्हणा ना.
जुन्या लाकडी खिडक्यांना फटी होत्या,
घर आपलं आपण उसासे टाकायचं.
आता ऊब कोंडली, तशी वाफही कोंडली.

बाईंना फटी आठवल्या.
दर ऑक्टोबरात क्लेमेन्सास सुरीच्या टोकानं
त्यांत कापूस कोंबायचा,
वर कागदाच्या पट्ट्या, साबणाच्या पाण्यानं चिकटवलेल्या.
एप्रिलात त्या ओढून काढताना
रंगाचे पोपडे निघायचे, आणि शिव्याही.

पण ती खोली? बाई म्हणाल्या.
तिथला रेडिएटर बंद, दार बंद,
दोन हिवाळे तिथं कुणी झोपलेलं नाही.
आणि सगळ्यांत जास्त पाणी तिथंच.
तिथं कोण श्वास घेतं?

विदमांतासनं लगेच उत्तर दिलं नाही.
असल्या खोल्या त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या.
तुम्हीच, तो म्हणाला.
वाफ दाराखालून जाते.
घरातली सगळ्यांत गार काच हुडकते
आणि तिथं जाऊन पाणी होते.
सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा.
ते दार लावून घेऊ नका.

पैसे घेतले नाहीत त्यानं. सूप घेतलं.

तो गेल्यावर बाईंनी फडकं घेतलं, दार ढकललं.
रेडिओचे सुटे भाग, तारांची भेंडोळी.
काच पांढरीफटक, खालच्या कोपऱ्यात
मोहरीएवढे बुरशीचे ठिपके.
फडकं टेकवणार, तेवढ्यात दिसलं:
वाफ जिथं धरलीच नव्हती तिथं,
कुणा तेलकट बोटानं कधीतरी गिरवलेलं,
५३ × ६ = ३०८

खिडक्या बसल्या त्या पहिल्याच थंडीत
सहा महिन्यांचं बिल मांडून पाहिलं होतं त्यानं.
पेन त्याला वेळेवर कधी सापडलं?

तीन सक अठरा, बाई पुटपुटल्या.
पाच सक तीस.
हातचा एक धरायचा राहिला की रे.

मग आकड्यांच्या भोवतीभोवतीनं
पुसून घेतलं. फडकं वाटीत पिळलं.
दार उघडंच ठेवलं.